दोघांनीच शिडाची बोट घेऊन आयोनियन समुद्रातील शांत गावे कशी पाहावीत

भूमध्य समुद्रातील लहान गावांची सफर शिडाच्या बोटीतून, आणि तीही दोघांनीच करायची असेल, तर कोणता देश निवडावा यापेक्षा कोणता वारा निवडावा हे आधी ठरवावे लागते. ग्रीसच्या पूर्वेकडील एजियन समुद्रात जुलै-ऑगस्टमध्ये मेल्टेमी नावाचा उत्तरेचा कोरडा वारा दिवसचे दिवस वाहतो आणि वाऱ्याचा जोर मोजणाऱ्या ब्यूफोर्ट मापनाच्या सात-आठ अंकांपर्यंत चढतो. सहा-सात जणांच्या सरावलेल्या चमूला तो झेपतो. पण एकाने सुकाणू आणि दुसऱ्याने शिडे सांभाळायची असतील, तर दोन दिवसांत दोघेही थकून जातात. ग्रीसच्या पश्चिमेचा आयोनियन समुद्र याहून पुष्कळ मवाळ आहे. लेफकादा, मेगानिसी, कास्तोस, कलामोस, इथाका आणि केफालोनिया ही तिथली बेटे एकमेकांच्या इतकी जवळ आहेत की बहुतेक टप्पे दहा ते पंधरा सागरी मैलांत, म्हणजे तीन तासांच्या आसपास आटोपतात. भरती-ओहोटीचा फरकही अगदी थोडा असल्यामुळे मुंबईच्या चार-साडेचार मीटरांच्या भरतीची सवय असलेल्या माणसाला तो जवळपास जाणवत नाही. मी आणि माझे पती याच पाण्यात शिकलो, म्हणून हे मार्गदर्शन लेफकादाहून निघून लेफकादालाच परतणाऱ्या एका आठवड्याच्या सफरीपुरते ठेवले आहे.

ऋतू आणि दिवसाचा वारा

मेच्या मध्यापासून जूनअखेरपर्यंत किंवा सप्टेंबरमध्ये जावे. जुलै-ऑगस्टमध्ये धक्के दुपारीच भरतात, आणि 15 ऑगस्टच्या मेरीमातेच्या सणाच्या आसपास तर लहान गावांतही जागा मिळणे अवघड होते. सप्टेंबरमध्ये पाणी पोहण्याजोगे उबदार असते, मात्र महिन्याच्या उत्तरार्धात गडगडाटी वादळे सुरू होतात. सप्टेंबर 2020 मध्ये ‘इयानोस’ या चक्रीवादळासारख्या वादळाने याच बेटांवर बोटी किनाऱ्यावर फेकल्या होत्या, त्यामुळे ऋतू सौम्य आहे म्हणून अंदाज पाहण्याचा कंटाळा करू नये. ग्रीसच्या राष्ट्रीय हवामान सेवेचा अंदाज सकाळ-संध्याकाळ दोन्ही वेळा वाचावा आणि तो रोज एका वहीत उतरवावा.

उन्हाळ्यातील नेहमीच्या दिवसाची घडण मात्र अगदी ठरलेली असते. सकाळी समुद्र जवळजवळ निश्चल असतो. दुपारी बारा-एकच्या सुमारास वायव्येकडून ‘माइस्ट्रो’ सुटतो, तीन-चार वाजेपर्यंत चार-पाच अंकांपर्यंत, म्हणजे अकरा ते एकवीस नॉटपर्यंत (एक नॉट म्हणजे ताशी एक सागरी मैल) पोहोचतो आणि सूर्यास्तासोबत मावळतो. शाळेच्या भूगोलात आपण खारे वारे आणि मतलई वारे शिकतो, त्यांचे कारण इथे रोज डोळ्यांदेखत दिसते: जमीन तापली की वारा बळ धरतो, आणि रात्री उंच डोंगर थंड झाले की उतारावरून खाली झोत येतात. दोघांच्या सफरीचे वेळापत्रक याच घडणीवर बसवावे. सकाळी आठ-नऊला इंजिनावर निघावे, वाटेत एखाद्या खाडीत नांगर टाकून पोहावे आणि जेवावे, वारा सुटताच शिडे उभारून दीड-दोन तास मनसोक्त जावे आणि तो पूर्ण जोरात येण्यापूर्वी, साधारण तीनच्या आत, धक्क्याला लागावे. उशिरा पोहोचल्यास जागा नसते, वारा आडवा असतो, आणि धक्क्यावर बसलेले सगळे तुमच्याकडे पाहत असतात.

कागदपत्रे आणि पोहोचण्याचा मार्ग

भारतीय पारपत्रधारकांना शेंगेन व्हिसा लागतो. ग्रीसमध्ये सर्वाधिक रात्री असतील तर अर्ज ग्रीसकडेच करावा, आणि प्रवास विम्यातील वैद्यकीय संरक्षण किमान 30,000 युरोंचे असावे. संपूर्ण सफर ग्रीसच्या पाण्यात राहत असल्याने सीमाशुल्काची किंवा पुन्हा प्रवेशाची भानगड उद्भवत नाही. अल्बानिया किंवा तुर्कस्तानचा किनारा जोडला की हा साधेपणा संपतो.

चालक म्हणून नोंदल्या जाणाऱ्या व्यक्तीकडे मान्यताप्राप्त प्रमाणपत्र हवे. रॉयल यॉटिंग असोसिएशनचे ‘डे स्किपर’ प्रात्यक्षिक प्रमाणपत्र सहसा चालते. दुसऱ्या व्यक्तीला आपल्या अनुभवाचे लेखी निवेदन द्यावे लागते. पैसे भरण्यापूर्वी प्रमाणपत्राची प्रत बोट देणाऱ्या कंपनीला पाठवून लेखी होकार घ्यावा, कारण बंदरात पोहोचल्यावर कागद अपुरा ठरला तर रोजच्या भाड्याने चालक घ्यावा लागतो. मुंबई बंदरात आणि मांडव्याच्या पाण्यात शिडाच्या बोटींचे प्राथमिक शिक्षण मिळते. तिथे वाऱ्याचा अंदाज आणि गाठी पक्क्या करून मग भूमध्य समुद्रात आठवडाभराचा अभ्यासक्रम करणे हा शहाणपणाचा क्रम आहे. एवढी तयारी नसेल तर फ्लोटिला निवडावा. यात दहा-बारा बोटी एकाच मार्गाने जातात, पुढच्या बोटीवर अनुभवी चालक आणि तंत्रज्ञ असतो, आणि धक्क्यावर तुमची दोरी धरायला कुणीतरी उभे असते. आमची पहिली सफर फ्लोटिलातच झाली आणि त्याचा आम्हाला पुढे फार उपयोग झाला.

सर्वांत जवळचा विमानतळ प्रेवेझाजवळील आक्तिओ हा आहे. अथेन्सहून बसनेही पाच-सहा तासांत लेफकादा गाठता येते. हे बेट मुख्य भूमीशी बांध आणि तरंगत्या पुलाने जोडलेले असल्यामुळे फेरीबोट लागत नाही.

बोट कशी घ्यावी

दोघांसाठी 31 ते 35 फुटांची एकसांगाडी, म्हणजे एकाच तळाची, बोट पुरते. मोठ्या बोटीत ऐसपैस राहता येते हे खरे, पण आडव्या वाऱ्यात चाळीस फुटी बोटीची नाळ, म्हणजे पुढचे टोक, एकट्या माणसाच्या हाती राहत नाही. बोट ताब्यात घेताना गाद्या आणि पडदे पाहण्यात वेळ घालवू नये. नांगराची साखळी पन्नास मीटर आहे का आणि तिच्यावर दर दहा मीटरला रंगाच्या खुणा आहेत का, नांगर वर-खाली करणारे विजेचे यंत्र, म्हणजे विंडलास, भाराखाली चालते का, मुख्य शीड आखडण्याच्या दोऱ्या कॉकपिटपर्यंत, म्हणजे सुकाणूजवळच्या बसण्याच्या जागेपर्यंत, येतात का, आणि सांडपाण्याच्या टाकीची झडप कुठे आहे, हे स्वतः हाताळून पाहावे. ओरखडे दिसले तर त्यांची छायाचित्रे काढून कंपनीच्या माणसाकडून नोंदवून घ्यावीत, कारण अनामत रक्कम त्यावरच परत मिळते. आमच्या एका सफरीत सुकाणूच्या चाकाजवळचा ओरखडा नोंदवायचा राहून गेला आणि परतताना अर्धा तास वाद झाला.

दोन माणसांनी बोट चालवणे अवघड आहे, असे पुष्कळांना वाटते. ऑक्टोबर 2024 मध्ये भारतीय नौदलाच्या दिलना के. आणि रूपा ए. या दोन लेफ्टनंट कमांडर ‘तारिणी’ या 56 फुटी शिडाच्या बोटीतून गोव्याहून निघाल्या आणि मे 2025 मध्ये पृथ्वीप्रदक्षिणा पुरी करून गोव्यालाच परतल्या. आपली सफर त्यांच्या कामगिरीच्या पासंगालाही पुरणार नाही, पण त्यातून एक गोष्ट कळते: कामे आधीच वाटून ठेवली असतील तर चार हात पुरतात. त्यासाठी पहिल्याच दिवशी मोकळ्या पाण्यात एक सराव अवश्य करावा. एकाने एक फेंडर, म्हणजे बोटीच्या कडेला टांगायची हवा भरलेली उशी, पाण्यात टाकावा आणि आपण बोटीत नाहीच असे समजून गप्प बसावे. दुसऱ्याने एकट्याने शिडे उतरवून, इंजिन चालू करून तो फेंडर परत मिळवावा. दोघांनीही हे दोनदा करावे. एक जण पाण्यात पडला की बोटीवर एकटाच माणूस उरतो, हे या सफरीचे सर्वांत मोठे धोक्याचे स्थान आहे. म्हणूनच वारा वाढल्यावर नाळेकडे जाताना प्राणरक्षक जाकीट आणि सुरक्षादोर वापरावा, आणि रात्री बोट चालवू नये. रेडिओवर संकटाची वाहिनी 16 आहे, ग्रीक तटरक्षक दलाचा दूरध्वनी 108 आणि युरोपभर चालणारा 112. हे आकडे रेडिओशेजारी कागदावर लिहून चिकटवावेत.

धक्क्याला पाठ लावणे

या सफरीतील सर्वांत कठीण काम समुद्रात नसून धक्क्यावर असते, आणि जोडप्यांची बहुतेक भांडणे तिथेच होतात. या बंदरांत बोट धक्क्याला कुशीने लावत नाहीत. नांगर समोर टाकून, उलट चालत, बोटीची पिछाडी धक्क्याकडे आणून दोन दोरांनी बांधतात. असे केल्याने लहानशा धक्क्यावर वीस बोटी मावतात.

आधी बंदरात एक संथ फेरी मारावी. पाण्याची खोली, वाऱ्याची दिशा, शेजारच्या बोटींच्या साखळ्या कोणत्या कोनात गेल्या आहेत, आणि धक्क्यावर कड्या कुठे आहेत हे दोघांनी मिळून पाहावे. मग बाहेर थांबून, बोट जवळजवळ स्थिर ठेवून, तयारी करावी: दोन्ही बाजूंना फेंडर, एक फेंडर पिछाडीला, आणि मागच्या दोन्ही क्लीटांवर, म्हणजे दोर गुंडाळायच्या खुंट्यांवर, दोर असे बांधलेले की त्यांचे मोकळे टोक कठड्याच्या बाहेरून येते. दोर कठड्याच्या आतून आला तर ऐनवेळी तो खेचताना कठडाच वाकतो.

आता कोण कुठे उभे राहील हे ठरवावे. सुकाणू पुरुषाच्या हाती आणि स्त्री नाळेवर, अशी वाटणी मी असंख्य बोटींवर पाहिली आहे आणि तिला काही आधार नाही. साखळी यंत्राने सुटते, तिला बळ लागत नाही. धक्क्यावर उतरून दोर कडीतून ओवायला चपळाई लागते. सुकाणूला शांत डोके लागते. आमच्या बोटीवर सुकाणू माझ्याकडे असते आणि माझे पती आधी साखळी, मग दोर पाहतात. वाटणी काहीही असो, दोघांनी दोन्ही कामे शिकावीत, आणि हाताच्या खुणा आधी ठरवाव्यात, कारण इंजिनाच्या आवाजात बारा मीटरांवरचे बोलणे ऐकू येत नाही आणि ओरडणे सुरू होते. मूठ मिटली म्हणजे साखळी थांबव, तळहात खाली दाबला म्हणजे सोड, हाताचे बोट वर केले म्हणजे ओढ: एवढ्या तीन खुणा पुरतात.

बोटीच्या लांबीच्या चौपट अंतरावरून, मोकळ्या जागेच्या अगदी समोर येऊन, नांगर टाकावा. त्याआधीच उलटा वेग धरलेला असावा, कारण उलट चालताना पंख्याचा जोर पिछाडीला एका बाजूला खेचतो आणि साधारण दोन नॉट वेग आल्याशिवाय सुकाणू पाणी धरत नाही. साखळी सोडणाऱ्याने बोटीच्या वेगाइतकीच ती सोडावी. ती मध्येच अडली तर नाळ वाऱ्याने फिरते. खोली सहा मीटर असेल तर किमान तीस मीटर साखळी पाण्यात जावी, हे पाचपट प्रमाण कमी करू नये. धक्का अर्ध्या बोटीच्या अंतरावर आला की साखळी क्षणभर थांबवावी, म्हणजे नांगर रुततो आणि बोट आपोआप हळू होते. मग नाळेवरच्याने चालत मागे यावे आणि वाऱ्याच्या बाजूचा दोर घेऊन धक्क्यावर पाय ठेवावा. उडी मारू नये. पाय ठेवण्याइतके अंतर नसेल तर बोट आणखी मागे आणावी. दोर कडीतून ओवून त्याचे टोक पुन्हा बोटीवर आणावे, म्हणजे सकाळी निघताना धक्क्यावर उतरावे लागत नाही. दुसरा दोर बांधून झाला की साखळी ताणून घ्यावी, इंजिन उलट चालवून नांगर धरून आहे का ते पाहावे, आणि पिछाडी व धक्का यांत मीटरभर अंतर ठेवावे, कारण मोठी फेरीबोट गेली की लाटेने बोट मागे आपटते.

पहिल्या प्रयत्नात बोट तिरकी झाली तर नांगर उचलून बाहेर जावे आणि पुन्हा यावे. यात कमीपणा काही नाही. अनुभवी चालक हेच करतात. अडलेली बोट दोर ओढून, शेजाऱ्याच्या बोटीवर रेटून आत घालण्याचा हट्ट नवशिके करतात.

सकाळी नांगर उचलताना दुसऱ्याची साखळी आपल्या नांगरावर आली तर घाबरू नये. ती पाण्याच्या वर येईपर्यंत उचलावी, तिच्याखालून एक जाड दोर घालून तो नाळेच्या क्लीटवर बांधावा, मग आपला नांगर थोडा खाली सोडावा म्हणजे तो साखळीतून सुटतो, बोट जराशी मागे घ्यावी आणि शेवटी दोर सोडून द्यावा. सगळे मिळून दहा मिनिटांचे काम आहे. खाडीत नुसता नांगर टाकायचा असेल तेव्हा पाण्यातला फिका पट्टा, म्हणजे वाळू, निवडावा. काळसर दिसते ते पोसिडोनिया नावाचे समुद्री गवत असते. त्यात नांगर नीट रुतत नाही, आणि माशांच्या पिलांचा आसरा असलेले हे गवत उपटले की वर्षानुवर्षे भरून येत नाही.

मार्ग

लेफकादाच्या मरीनातून निघून दक्षिणेकडील कालव्याने खुणेच्या बोयांमधूनच जावे, कारण दोन्ही कडांना पाणी उथळ आहे. पहिली रात्र मेगानिसीवरील स्पार्तोखोरीच्या पायथ्याशी काढावी. तिथे खानावळींचे स्वतःचे लाकडी धक्के आहेत आणि रात्री तिथेच जेवणाऱ्यांना बोट फुकट बांधू देतात. पाण्यातून वर घ्यायचा दोर तयारच असल्यामुळे नांगर टाकावा लागत नाही, म्हणून पहिल्या दिवसासाठी ही जागा फार सोयीची आहे. गाव वर कड्यावर आहे. उन्हे उतरल्यावर वळणावळणाच्या रस्त्याने चढून जावे.

दुसऱ्या दिवशी दहा-बारा मैलांवरच्या कास्तोसला जावे. मला या साऱ्या समुद्रात सर्वाधिक आवडलेले गाव हेच. बारमाही वस्ती अगदी थोडी, ऑलिव्हच्या झाडांमधून जाणारी एक वाट, टोकावर जुनी पवनचक्की, आणि दहा-पंधरा बोटींचा लहानसा धक्का. इथे एकच्या आत पोहोचावे, आणि पाण्याची टाकी आधीच भरलेली असावी, कारण लहान बेटांवर गोडे पाणी मोलाचे असते. शेजारच्या कलामोसचा डोंगर 745 मीटर उंच आहे आणि संध्याकाळी त्याच्या उतारावरून अचानक झोत येतात, तेव्हा तिथे साखळी पाच मीटर जास्त सोडावी. याच बेटावरील पोर्तो लिओने हे गाव ऑगस्ट 1953 च्या भूकंपानंतर ओस पडले. त्या खाडीत नांगर टाकून तासभर फिरावे. चर्च आणि तेलाच्या घाण्याचे अवशेष पाहिले म्हणजे पुढे इथाका आणि केफालोनियावर नवी घरे इतकी का दिसतात ते कळते.

तिथून आतोकोस या निर्जन बेटापाशी दुपारचा मुक्काम करून इथाकावरील किओनीला जावे. शिरतानाच उंचवट्यावर तीन मोडक्या पवनचक्क्या दिसतात. धक्का भरला असेल तर खाडीच्या कडेला नांगर टाकून, डिंगीने, म्हणजे सोबतच्या लहान नावेने, दोर नेऊन खडकाला बांधावा. हे काम वल्हवणाऱ्याने घाई न करता करावे, आणि दोर पाण्यावर तरंगणारा असावा. तिथून इथाकाच्या उत्तर टोकाला वळसा घालून आठ-नऊ मैलांवर केफालोनियावरील फिस्कार्दो येते. 1953 च्या भूकंपातून बहुतांश वाचलेले हे गाव व्हेनेशियन वळणाच्या घरांसाठी पाहण्याजोगे आहे, पण शांत नाही. खाडीच्या उत्तर काठाला झाडांखाली दोर बांधून राहावे आणि गाव सकाळी सातला पाहावे. परतीची शेवटची रात्र लेफकादाच्या दक्षिणेकडील सिवोताच्या बंदिस्त खाडीत काढता येते.

या गावांत दुपारी तीन ते साडेपाच ही उन्हाळ्यातील विश्रांतीची वेळ कायद्याने शांततेची असते. त्या वेळी संगीत लावणे किंवा धक्क्यावर मोठ्याने हाका मारणे टाळावे.

जेवणखाण

शाकाहारी लोकांनी ग्रीसबद्दल चिंता करू नये. ऑर्थोडॉक्स चर्चच्या उपवासांमुळे तिथे ‘निस्तीसिमा’ नावाचा पदार्थांचा मोठा वर्ग आहे, ज्यात मांस, अंडी आणि दूध नसते. टोमॅटोत शिजवलेले मोठे पांढरे वाल, पिवळ्या डाळीचा फावा, उकडलेल्या रानभाज्या आणि भाज्यांचे ब्रिआम हे त्यातलेच. मात्र त्या उपवासाला कोळंबी आणि माकूळ चालतात, म्हणून ‘समुद्रातलेही नको’ असे स्पष्ट सांगावे. बोटीवरच्या स्वयंपाकासाठी पोहे, थालीपिठाची भाजणी, मेतकूट आणि डाळ-तांदूळ न्यावेत. तूप, पेढे, बर्फी नेऊ नयेत. युरोपीय संघाबाहेरून दुग्धजन्य आणि मांसाचे पदार्थ आणण्यास प्रवाशांना मनाई आहे. वाऱ्यात चुलीवर भांडे ठेवायचे असेल तर ते अर्धेच भरावे.

परतताना

बहुतेक कंपन्यांना बोट शुक्रवारी संध्याकाळपर्यंत तळावर हवी असते. डिझेल भरण्याची रांग चारनंतर वाढते, त्यामुळे सिवोताहून सकाळी लवकर निघून दोनच्या आत पंपावर यावे, आणि सांडपाण्याची टाकी कालव्यात शिरण्यापूर्वीच, किनाऱ्यापासून दूर रिकामी केलेली असावी. बोट परत देण्यापूर्वी वहीत प्रत्येक मुक्कामाची खोली, सोडलेली साखळी, वाऱ्याची दिशा आणि धक्क्यावर किती वाजता पोहोचलो ते लिहून काढावे. दुसऱ्या वर्षी आम्ही कास्तोसला गेलो तेव्हा आदल्या वर्षीची ‘चार मीटर, पंचवीस मीटर साखळी, डावीकडून तिसरी कडी’ एवढी एक ओळ आम्हाला नकाशापेक्षा अधिक उपयोगी पडली.